शब्दाची जन्मकथा छापण्याआधी त्याची तारीख विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांचे सदर येते. ते वाचले जाते यात शंका नाही. जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत परिपाठाला ‘आजचा शब्द’ म्हणून त्यातलाच मजकूर फळ्यावर येतो, म्हणून हे पत्र. गेल्या काही अंकांत ‘न्यूज’, ‘पॉश’, ‘टिप’, ‘गोल्फ’, ‘क्विझ’ आणि ‘बनाना’ यांच्या ज्या कथा आल्या, त्यांतली एकही पुराव्याला टिकत नाही. मोबाइलवर फिरणारा मजकूर तसाच उचलला गेलेला दिसतो.

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांची आद्याक्षरे म्हणजे न्यूज, ही कथा वर्तमानपत्रानेच छापावी याची गंमत वाटली. न्यू म्हणजे नवे आणि न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, इतका साधा मामला आहे. फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नूव्हेल’ म्हणजे ‘नव्या गोष्टी’च म्हणतात आणि इंग्रजी शब्द त्याच धर्तीवर चौदाव्या शतकात घडला. जुन्या लिखाणात त्याचे स्पेलिंग ‘एन-ई-डब्ल्यू-ई-एस’ असेही सापडते. मग पूर्व दिशा दोनदा आली म्हणायची का?

‘टिप’ची ‘टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ही त्याच माळेतली. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या चोर-भामट्यांच्या बोलीत टिप म्हणजे ‘हळूच देणे, सरकवणे’. बक्षिशीचा अर्थ त्यातूनच आला. ‘गोल्फ’मध्ये ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ शोधणाऱ्यांनी १४५७ साल पाहावे. त्या वर्षी स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यातच रमू लागले होते. त्या कायद्यात हा शब्द आहे आणि तो कशाचेही संक्षेपरूप म्हणून आलेला नाही.

‘पॉश’ची कथा सर्वांत देखणी, म्हणून सर्वांत चिवट. विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्या बोटीत श्रीमंत प्रवासी जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीची केबिन घेत आणि तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची चार अक्षरे उमटवली जात, असे सांगतात. असे शिक्क्याचे एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेले नाही. ‘झकपक’ या अर्थाने शब्दाची लेखी नोंद १९१४ च्या सुमाराची आहे आणि बोटीची कथा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ऐकू येऊ लागते. जिप्सींच्या रोमानी भाषेत पॉश म्हणजे अर्धा. त्यावरून चोरबोलीत अर्धी पेनी आणि मग पैसा असा अर्थ झाला. तिथून हा शब्द आला असावा असा एक तर्क आहे. कोशकार मात्र ‘मूळ अनिश्चित’ असेच लिहितात आणि आपणही तसेच लिहायला हरकत नाही. मुलांना ‘अजून ठरलेले नाही’ हे वाचायला आवडत नाही, असे मानायचे कारण नाही.

आद्याक्षरांची कथा समोर आली की आधी शब्दाचे वय बघावे. आद्याक्षरे जोडून, ती एका शब्दासारखी उच्चारून नवा शब्द करायची पद्धत इंग्रजीत विसाव्या शतकापूर्वी जवळजवळ नव्हतीच. दोन महायुद्धांत लष्करी कागदपत्रांमुळे ती फोफावली. ‘रडार’ १९४० च्या सुमाराचा, ‘लेझर’ त्यानंतरचा. अशा शब्दांना ‘अ‍ॅक्रोनिम’ म्हणतात, तो शब्दसुद्धा इंग्रजीत १९४० च्या आसपास रुळला. तेव्हा १९०० पूर्वीच्या शब्दाला कोणी आद्याक्षरांची कुंडली मांडली, तर ती बहुधा खोटी समजावी. ‘बहुधा’ म्हणायचे कारण ‘ओके’. त्याचा जन्म खरोखर आद्याक्षरांतून झाला. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो ‘ऑल करेक्ट’च्या, ‘ओ’ आणि ‘के’ने सुरू होणाऱ्या मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगवरून थट्टेने छापला गेला. असली विनोदी आद्याक्षरे लिहायची तेव्हा तिथे टूम होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत व्हॅन ब्युरेन यांचे ‘ओल्ड किंडरहुक’ हे टोपणनाव त्याला जुळले आणि शब्द तगला. पण उच्चारताना आपण ‘ओ’ आणि ‘के’ ही अक्षरेच म्हणतो, हेही लक्षात घ्यावे.

‘क्विझ’मध्ये दुसऱ्या जातीची चूक आहे. डब्लिनच्या एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने पैज मारली, रातोरात पोरे लावून शहरभर भिंतींवर एक निरर्थक शब्द लिहविला आणि दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या तोंडी झाला, अशी ही कथा. ती १७९१ ची म्हणून सांगतात. शब्द मात्र १७८२ च्या लिखाणातच सापडतो, तोही ‘विक्षिप्त माणूस’ या अर्थाने. प्रश्नमंजूषा हा अर्थ पुष्कळ नंतरचा. एक माणूस, एक गाव, एक पैज असा मालमसाला जिथे असेल, तिथे कथेची तारीख आणि शब्दाची तारीख शेजारी शेजारी मांडावी. कथा शब्दापेक्षा धाकटी निघाली की विषय संपला. उलट ‘बॉयकॉट’ या कसोटीला उतरतो. आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्यावर कुळांनी १८८० मध्ये बहिष्कार टाकला आणि त्याच वर्षीच्या वृत्तपत्रांत त्याचे आडनाव क्रियापद होऊन बसले.

तारीख काढायची कशी? ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम १९२८ मध्ये पुरे झाले. प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे, ही त्याची रीत. जुनी आवृत्ती इंटरनेटवर फुकट वाचता येते. जमिनीचा व्यवहार करणारा जसे फेरफार मागे मागे लावत जातो, तसे इथे सर्वांत जुने अवतरण, त्याआधीचे स्पेलिंग, त्याआधीची भाषा असे मागे जायचे. एक पायरी गळाली तर पुढचा दावा धरू नये. नोंदीत एखाद्या रूपाआधी तारांकन दिसले तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी तुलनेने बांधलेले आहे, असा त्याचा अर्थ. ते ‘मूळ शब्द’ म्हणून खुशाल छापले जाते. आणि ‘पहिली नोंद’ म्हणजे जन्मतारीख नव्हे. तोवर सापडलेला जुन्यात जुना कागद, एवढेच.

गूगल बुक्सवर साल शोधणाऱ्यांची फसगत दोन ठिकाणी होते. एखादे मासिक १८२० मध्ये सुरू झाले असेल, तर त्याच्या १९२० च्या अंकालाही तिथे कधी कधी १८२० साल चिकटलेले असते. म्हणून पानाचे चित्र उघडून, मुखपृष्ठावरचे साल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. दुसरी फसवणूक अक्षरांची. साधारण १८०० पर्यंतच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या आरंभी आणि मध्ये येणारा ‘एस’ लांब काढत. तो ‘एफ’सारखा दिसतो आणि यंत्र तसाच वाचते. त्यामुळे ‘सेम’चे ‘फेम’ होते आणि कधीच नसलेला शब्द अठराव्या शतकात सापडल्याचा आनंद होतो.

आता ‘बनाना’. रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातल्या मुलांना केळीवरचा शब्द द्यावा ही कल्पना उत्तम. पण ‘अरबीत बनान म्हणजे बोट, म्हणून बनाना’ हे फक्त ध्वनिसाम्य आहे. स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांनी हा शब्द सोळाव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या भाषांतून उचलला, तिथून तो इंग्रजीत आला. अरबीचा संबंध आहे तो केळीच्या शास्त्रीय नावाशी. ‘मुसा’ हे नाव अरबी ‘मौझ’वरून आले आहे.

ध्वनिसाम्याला भुलायचे नाही हे शिकवायला एक जोडी फार कामाची आहे. इंग्रजी ‘बॅड’ आणि ‘बदनाम’, ‘बदमाश’मधला फारसी ‘बद’. अर्थ तोच, उच्चार जवळजवळ तोच, आणि नाते काहीच नाही. आणि जिथे नाते आहे तिथे उच्चारात ओळख पटत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या भरिताच्या वांग्यात आहे, ते सदरात अजून आले नाही याचे नवल वाटते.

संस्कृतात वांग्याला ‘वातिंगण’ असा शब्द आहे. तो संस्कृतातही बाहेरून आला असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आपले ‘वांगे’ त्याच कुळातले. फारसीत त्याचे ‘बादिंगान’ झाले, अरबीत ‘बादिंजान’. अरबांबरोबर भाजी स्पेनला पोचली, तेव्हा अरबीतले ‘अल’ हे उपपद शब्दाला चिकटून गेले आणि कॅटलान भाषेत ‘अल्बर्जीनिया’ झाले. त्याचे फ्रेंचांनी ‘ओबर्जीन’ केले आणि तेच आज इंग्लंडमध्ये चालते. पोर्तुगीजांकडे ‘बेरिंजेला’ झाले. ते जहाजातून पुन्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले आणि इथल्या इंग्रजांच्या तोंडी ‘ब्रिंजल’ झाले. म्हणजे पाठ्यपुस्तकातला ब्रिंजल हा जगाला वळसा घालून आलेला वांग्याचाच भाऊबंद आहे. इटलीत ‘मेलान्झाना’ झाले, आणि लोकांनी त्याची फोड ‘मेला इन्साना’, म्हणजे वेडे सफरचंद अशी केली. त्यावरून वांगे खाल्ल्याने माणूस भ्रमिष्ट होतो असा समज पसरला आणि जुन्या इंग्रजीत वांग्याला ‘मॅड अ‍ॅपल’ म्हणू लागले. वेस्ट इंडीजमध्ये तर ‘ब्रिंजल’चे ‘ब्राउन जॉली’ झाले. अनोळखी शब्द ओळखीच्या तुकड्यांत बसवून घ्यायचा लोकांचा हा स्वभाव सगळीकडे सारखाच आहे. अमेरिकेतला ‘एगप्लांट’ मात्र सरळ आहे, कारण अठराव्या शतकात तिकडे माहीत झालेली एक जात पांढरी आणि अंड्याएवढी होती.

अशीच फोड बाजार समितीत रोज ऐकू येते. माल खाली उतरवायचा म्हणून ‘गो डाउन’, म्हणून गोडाऊन! मूळ शब्द मलायी ‘गुदांग’, आणि तो तिकडे दक्षिण भारतातल्या भाषांमधून गेला असावा असे मानतात. इंग्रजांनी त्याला आपल्या दोन ओळखीच्या शब्दांचा वेष चढवला. मराठी ‘गुदाम’ पोर्तुगीजांच्या वाटेने आले, तो ‘गोडाऊन’चा अपभ्रंश नाही.

‘जिन’विषयी थोडे सविस्तर. खानदेशात कापूस पिकतो तिथे ‘जिन’ कोणाला समजावून सांगावी लागत नाही. सरकी वेगळी करून रुई काढायचे यंत्र, आणि बोलताना तो अख्खा कारखानाही ‘जिन’च. हा शब्द ‘इंजिन’चेच आरंभीचे अक्षर गळून झालेले रूप आहे. लॅटिन ‘इन्जेनियुम’ म्हणजे उपजत बुद्धी, हुशारी. फ्रेंचमध्ये त्याचे ‘आंजँ’ झाले, म्हणजे युक्ती आणि मग युक्तीने केलेले यंत्र. मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिन’ म्हणजे डावपेच, सापळा, नंतर वजन उचलायचे यंत्र. अमेरिकेत एली व्हिटनी यांनी १७९३ मध्ये कापसाचे यंत्र बनवले, १७९४ मध्ये पेटंट मिळवले, तेव्हा शब्द पाचएकशे वर्षांचा जुना होता. त्यामुळे ‘व्हिटनी यांनी शब्द दिला’ असे कुठे छापू नये. दारूची ‘जिन’ निराळी. ती डच ‘जेनेव्हर’वरून आली, म्हणजे ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा वास दिलेली. तिचे ‘जिनिव्हा’ असेही रूप होते, पण त्या शहराशी तिचा संबंध नाही. दोन वेगळ्या मुळांचे शब्द झिजत झिजत एकाच स्पेलिंगवर येतात, तेव्हा कोश त्यांना वेगळ्या क्रमांकाच्या नोंदी देतो. घाईत पहिलीच नोंद उतरवली की घोळ होतो.

मराठीने इंग्रजीला दिलेल्या शब्दांवर सदराचे दोन-तीन रविवार सहज निघतील. ‘मुंगूस’ सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी प्रवासवर्णनात शिरला आणि ‘मंगूस’ झाला. शेवटी ‘गूस’ ऐकू येते, पण बदकाच्या जातीतल्या ‘गूस’शी नाते नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगूसेस’ होते, ‘मंगीस’ नव्हे. स्पर्धा परीक्षेत हे विचारतात. ‘गनी बॅग’मधली गनी म्हणजे आपली गोणी. जाड्याभरड्या कापडाची ‘डंगरी’ मुंबईच्या डोंगरीशी जोडलेली आहे. दवाखान्यातली ‘कॉट’ म्हणजे खाट. पाण्याच्या ‘टँक’मागे गुजराती-मराठी टाके-टाकी आहे, त्यात पोर्तुगीज ‘तांके’चीही भर पडली. रणगाड्याला ते नाव मिळाले गुप्ततेसाठी. कारखान्यात बनत असलेली वस्तू पाण्याची टाकी आहे असे भासवले गेले आणि सप्टेंबर १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत ती रणांगणात उतरल्यावरही नाव तेच राहिले.

‘नारिंगा’बद्दल मात्र सावध. संस्कृत ‘नारंग’, फारसी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, स्पॅनिश ‘नारान्हा’, इथवर ‘न’ शाबूत आहे. इंग्रजी ‘ऑरेंज’मध्ये तो नाही. ‘ए नॉरेंज’चे ‘अ‍ॅन ऑरेंज’ झाले असे सर्रास लिहितात. पण ‘न’ इटालियन-फ्रेंचमध्येच गळाला होता, इंग्रजीत शब्द आला तोच त्याच्याविना. इंग्रजीत खरोखर असे झाले ते ‘एप्रन’ आणि ‘अंपायर’चे. ‘ए नंपायर’ म्हणता म्हणता ‘अ‍ॅन अंपायर’ झाले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘जोडीत नसलेला’, म्हणजे दोघांत न मोडणारा तिसरा.

आणखी एक खोड. ‘नाइस’चा ‘खरा अर्थ’ मूर्ख, म्हणून तो जपून वापरा, असा सल्ला सदरात होता. लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण, तिथून शब्द निघाला आणि १३०० च्या सुमारास त्याचा अर्थ मूर्ख होता, हे बरोबर. पण मुळातला अर्थ आणि आजचा अर्थ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. डिसेंबर म्हणजे मुळात दहावा महिना, म्हणून कोणी नाताळ ऑक्टोबरात ढकलत नाही.

छापखान्याच्या चुकीतूनही शब्द जन्मतात, हे तर वर्तमानपत्राच्या घरचेच प्रकरण. ‘सिलॅबस’ हा त्यातला नामवंत. रोमन लेखक सिसेरोच्या पत्रांत ‘सित्तिबास’ असा शब्द होता, म्हणजे हस्तलिखिताच्या गुंडाळीला लावलेली नावाची चिठ्ठी. पंधराव्या शतकातल्या छापील प्रतीत तो ‘सिलाबोस’ असा पडला आणि पुढे अभ्यासक्रमाच्या डोक्यावर बसला. दुसरा ‘डॉर्ड’. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात त्याचा अर्थ ‘घनता’ दिला होता. मुळात ‘डी किंवा डी’, म्हणजे मोठ्या वा लहान लिपीतला डी हे घनतेचे संक्षेपचिन्ह, अशी टिपणाची चिठ्ठी होती. ‘किंवा’साठीचा इंग्रजी ‘ऑर’ दोन्ही अक्षरांना चिकटून वाचला गेला. पाच वर्षांनी संपादकाच्या लक्षात आले की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक शब्दाखाली सर्वांत जुन्या नोंदीचे साल, त्या वेळचे स्पेलिंग, त्या वेळचा अर्थ आणि कोणत्या भाषेतून आला, एवढे चार तपशील द्यावेत. जे सापडत नाही तिथे ‘मूळ अनिश्चित’ छापावे. इकडच्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि यूल व बर्नेल यांचा १८८६ मध्ये निघालेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश (त्याची १९०३ ची आवृत्ती) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मात्र ‘हॉब्सन-जॉब्सन’मधली प्रत्येक व्युत्पत्ती आज मान्य नाही, ती ऑक्सफर्डच्या नव्या नोंदीशी ताडून घ्यावी.

पुढच्या रविवारी ‘खानदेश’ या नावावर लेख येणार असे जाहीर झाले आहे. तो इंग्रजी शब्द नसला तरी तपासणीची रीत तीच. गुजरातच्या सुलतानाने फारुकी राजाला दिलेल्या ‘खान’ या किताबावरून, की ‘कान्हदेश’वरून, असे वाद आहेत आणि दोन्ही बाजू छापाव्यात. पण अकबराने १६०१ मध्ये असिरगड घेतल्यावर शाहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला ‘दानदेश’ म्हटले, ही नोंद विसरू नये. ‘दानदेश’ हे नाव ‘खानदेश’ला जुळवूनच बेतलेले आहे, तेव्हा ‘खानदेश’ त्याआधी रुळलेले होते हे उघड आहे. मोगलांनीच ते नाव पाडले असे म्हणणारी कथा त्यामुळे आपोआप बाद होते.

सहा शब्दांची दुरुस्ती कृपया त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत द्यावी. मुले ते पान कापून वहीत चिकटवतात. आतल्या पानाच्या तळाशी दिलेली दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

आपले,
इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक,
जळगाव-धुळे-नंदुरबार